पिशव्यांचं तेवढं लिही

मंगळवारी शेषाद्री तुरुंगातून सुटला आणि आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बहिणीकडे राहायला आला.

पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. तुम्ही समोर बसला आहात, मधे कॉफीचा पेला आहे, असं धरून चालते — नाहीतर हात पुढे सरकणार नाही.

पण आधी अंबुजाबद्दल. शेषाद्रीची बहीण, माझी मैत्रीण. तिच्याविषयी रडका चेहरा करून लिहिलेलं तिला अजिबात चाललं नसतं. ती तंजावरकडची मराठी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरात अजून मराठी — जुन्या कागदपत्रांतलं वाटावं असं आणि तमिळ चालीवर. मी सांगलीची. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले, मैलापुरात तिच्या समोरचं घर घेतलं. पहिल्याच दिवशी ती सांबाराचं पातेलं घेऊन दारात उभी. "काय गे, तू मराठी म्हणे. बोल बघू काहीतरी." मी बोलले. ती इतकी हसली की पातेलं माझ्या हातात देऊन पायरीवर बसली. "अय्यो, ही रेडिओसारखी बोलते!"

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, इथे गावभर गाण्याच्या सभा भरतात. आम्ही दरवर्षी जायचो. मी गाण्याला, ती कँटीनला. अडई, म्हणजे डाळींचा जाड डोसा, गरम मिळाली तर गायक थोर, गार मिळाली तर त्याचा गळा बसलाय, असा तिचा सरळ हिशोब. मी गुडघ्यावर ताल धरून बसायची आणि ती कानाशी येऊन म्हणायची, "हा राग संपता संपत नाही गे, तिकडे केळीची पानं संपतील."

अशी ती. आता पुढे जाते.

शेषाद्री दुसऱ्या गावात शिकवणी घ्यायचा. तिथे येणाऱ्या एका मुलीशी त्याने जे केलं त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. गुन्हा खरा होता. शिक्षाही खरी होती आणि त्याने ती पूर्ण भोगली. अंबुजाने यातलं काही लपवलं नाही. तो यायच्या आधी ती स्वतः माझ्याकडे आली, नेहमीसारखी पायरीवर न बसता खुर्चीवर बसली. "त्याला माझ्यावाचून कोण आहे? तुला भय वाटलं तर सांग. मी रागावणार नाही." मी म्हटलं, मला भीती नाही. ते खरंच होतं. मग मला कशाचं भय होतं? ते येतंच आहे.

आठवड्यात सगळ्या इमारतीला कळलं. आमच्याकडे बारा घरं. पाण्याच्या टाकीसाठी मीटिंग बोलावली की तीन माणसं यायची, त्यातला एक वॉचमन. या मीटिंगला खुर्च्या पुरल्या नाहीत. मी कधी न पाहिलेले नवरे त्या दिवशी पाहिले. पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची विद्या — तिची मुलगी सात वर्षांची — मागे उभी होती. बाहेर पडताना मला म्हणाली, "आँटी, तुम्हाला मुलगी असती तर?" तिची भीती खोटी नव्हती. हे मी पहिल्यापासून जाणते, म्हणूनच पुढचं जास्त लाजिरवाणं आहे.

ठरलं असं, की घरमालकाला पत्र लिहायचं. अंबुजा वीस वर्षं भाड्याने राहत होती, मालक अमेरिकेत. काहींचं म्हणणं, तिने घर सोडावं. काहींचं, तिने काय केलंय? त्याने मुलांच्या वेळेला खाली येऊ नये, एवढं लिहून घ्या आणि राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, इंग्लिश तुमच्यासारखं कुणाचं नाही. तुम्ही फक्त लिहून द्या. सही नको, नाव नको."

नाही म्हणता आलं असतं. एवढा एक शब्द. मी म्हटलं, बघते.

आणि मग पेन्सिल घेऊन बसले. चार ओळी लिहिल्या. काळजी, सुरक्षितता, विनंती — सगळे गुळगुळीत शब्द. पत्र निर्जीव होतं. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या माणसाला निर्जीव पान सहन होत नाही. पत्राला काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहणारं हवं होतं. मी विचार केला, आणि मला ते सापडलं. लिहिलं: रोज चारच्या सुमारास, शाळेची व्हॅन येते त्या वेळी, हा माणूस जिन्याच्या पहिल्या वळणावर उभा असतो.

यात एकही शब्द खोटा नाही. तो उभा असायचा. चारलाच. पहिल्या वळणावरच. मी माझ्या दारासमोरच्या कठड्यावरून पाहायची.

का उभा असायचा, तेही मी पाहायची. चारला अंबुजा भाजी घेऊन परतायची. तिचे गुडघे गेलेले, आमच्याकडे लिफ्ट नाही. फाटकापर्यंत जायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो वळणापर्यंत यायचा, तिच्या हातातल्या पिशव्या घ्यायचा आणि मान खाली घालून वर जायचा. व्हॅन आत यायच्या आधी, बहुतेक वेळा.

पिशव्या मी लिहिल्या नाहीत. पिशव्यांनी वाक्य लांबलं असतं.

सेक्रेटरींनी वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम! हे!" — आणि काय सांगू, मला आनंद झाला. शाळेत निबंध वर्गात वाचून दाखवल्यावर होतो, तसा.

दोन दिवसांत ते वाक्य इमारतीत फिरू लागलं. पहिल्या मजल्यावरच्या मामींनी त्याला तिथे उभं राहून हसताना पाहिलं होतं. कुणी त्याच्या खिशात चॉकलेटं पाहिली. गेला महिनाभर गावी असलेल्या एका गृहस्थांनीही पाहिलं. मी ऐकत होते. मीच काय ती बोलत नव्हते.

मालकाने पत्राची प्रत अंबुजाला पाठवली आणि तिचं म्हणणं मागवलं. ते वाचून मीटिंगने ठरवायचं. प्रत घेऊन ती कुणाकडे आली असेल? माझ्याकडे. तिला इंग्लिश सावकाश वाचता येई. घाम पुसत म्हणाली, "काय इंग्लिश आहे गे! वाचूनच मला आपण चोर आहोत असं वाटलं. कुणा मोठ्या वकिलाला दिलं असणार." त्या क्षणीही, आत कुठेतरी, मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं.

उत्तर मीच लिहायचं ठरलं. ती पायरीवर बसून सांगत होती. "तो वळणावर का येतो ते लिही. पिशव्यांचं तेवढं लिही. बाकी तुला ठाऊक."

माझ्या पेन्सिलीखाली कागद तयार होता. पिशव्या लिहिल्या असत्या तर कुणीतरी विचारलंच असतं, "हे समोरच्या मॅडमना दिसत नव्हतं का? मग आधीच्या पत्रात का नाही?" सेक्रेटरींना माहीत होतं, पहिलं पत्र कुणाचं. माझं भय हे — शेषाद्रीचं नव्हे. सगळ्यांच्या आदराची मॅडम दोन्ही बाजूंनी लिहिते, हे उघडं पडण्याचं. मी म्हटलं, "अंबुजा, स्पष्टीकरण देऊ नये. दिलं की माणूस अपराधी दिसतो. पत्र छोटं हवं."

तिने लगेच मान्य केलं. "सरि, सरि. तू शिकलेली."

मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तिचं उत्तर वाचलं. सुरेख, छोटं, सभ्य उत्तर. मग ते म्हणाले, "पाहा, जिन्याबद्दल एक अक्षर नाही. नाकारलेलंसुद्धा नाही." राहू द्या म्हणणारे जे चार-पाच होते, त्यांनी माना खाली घातल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी पदर सारखा केला.

महिन्याभरात ती घर सोडून गेली, शहराच्या टोकाला, तांबरमच्या पलीकडे. सामान टेम्पोत चढताना वॉचमनला ओरडून सांगत होती, "माझी कुंडी मोडलीस तर मी परत राहायला येईन!" तो हसला. मग मला मिठी मारून सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "या इमारतीत माझ्यासाठी लिहिणारी ही एकटी."

त्यानंतरही दर मार्गळीला आम्ही भेटलो. ती दोन बस बदलून यायची, अडईसाठी. कँटीनमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला माझी ओळख करून द्यायची — "ही माझी वकील. फुकट." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. आम्ही खरोखर मजा केली, ते खोटं नव्हतं. सहा वेळा सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी मी आणखी एक कॉफी मागवली.

यंदा ऑगस्टमध्ये अंबुजा गेली. झोपेत.

तेराव्याला तिच्या घरी गेले. रिक्षातून उतरले तर शेषाद्री फाटकाबाहेर रस्त्यावर उभा. केस पांढरे, पाठ वाकलेली. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, मान खाली घालून जिना चढला. वर पोळी होती, नारळाच्या पुरणाची, तिच्या पद्धतीची. वाढता वाढता तो म्हणाला, "अक्का म्हणायची, तुम्ही एकट्याच होतात." मी आणखी एक पोळी वाढून घेतली आणि खाल्ली. चांगली झाली होती.

मी त्यालाही सांगितलं नाही. पिशव्यांचं लिहिलं असतं तर ती राहिली असती का? कदाचित नसती. त्या कदाचितवर टेकायचा हक्क मला नाही. आणि विद्यालाही मी काय दिलं? तिला खरं हवं होतं. भीती कुठे ठेवावी आणि कुठे नको, हे ठरवायला तिला पूर्ण वाक्य हवं होतं. मी तिला अर्धं दिलं.

सात वर्षांपूर्वी अंबुजाने घर सोडल्यावर लगेच इमारतीने जिन्याच्या पहिल्या वळणावर कॅमेरा बसवला होता. विद्याची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. नवीन भाडेकरूंना ती कॅमेरा दाखवते आणि सांगते, इथे एक माणूस रोज चारला उभा असायचा.

कॅमेरा चालू आहे. भाजी घेऊन मी चारला त्याच्यासमोरून वर जाते.