एकत्र नको

औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे सेटर म्हणत. पट्टी कुठे कापली जाईल, गोळी कुठे पडेल, हे जुळवून मशीन लावून देणं हे त्याचं काम. माणूस पंचेचाळिशीचा. डोक्यावर केस बेताचे, बोलणं त्याहून बेताचं. कोण कुठल्या शिफ्टला याचा चार्ट काढणारे चार्टकाका निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी ते काम त्याच्या गळ्यात मारलं. "तू कुणाशी फार बोलत नाहीस, म्हणजे तुझ्याकडे वशिला लावायला कुणी येणार नाही," असं कारण दिलं. कारण खरं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

चार्टला फारसं डोकं लागत नसे. काकांनी एक्सेलमध्ये सगळं बांधून ठेवलं होतं. एका पानावर बावन्न माणसांचे नंबर, दुसऱ्या पानावर नियम: या दोघांना एकत्र ठेवा, त्या दोघांना नको, याला सलग दोन आठवडे दुपारची शिफ्ट नको. शुक्रवारी बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे काकांनी आत लिहून ठेवलेल्या सूचना, ते नियम एकेक करून सॉल्व्हरला वाचून दाखवी. सॉल्व्हर म्हणजे एक्सेलमधलाच एक भाग, असली कोडी सोडवणारा. तो सगळे नियम सांभाळून पुढच्या आठवड्याचा चार्ट काढून देई. आठ महिने सेटरनं बटण दाबलं, कागद फळ्यावर लावला आणि आत काय चालतं याची चौकशी केली नाही. घरात काय चालतं याचीही तो फारशी करत नसे, म्हणजे आळस म्हणून नव्हे, सवय म्हणून.

त्याची बायको त्याच कारखान्यात पाकिटं तपासायची. तो सकाळच्या शिफ्टला असला की ती दुपारच्या, पुढच्या आठवड्यात उलट. हे सुरू झालं त्याच्या वडिलांमुळे. वडील अंथरुणाला खिळले, घरात कुणीतरी हवंच, म्हणून दोघांनी मिळून काकांना तसं सांगितलं होतं. चार वर्षं संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. औषध दिलं. कूस बदलली. डॉक्टर मंगळवारी येणार. वडील गेले, तेव्हा काकांनी न विचारता नवराबायकोला एका शिफ्टमध्ये टाकलं, मायेनंच. दोन आठवडे दोघं बरोबर घरी आली. चहा केला, समोरासमोर बसली, आणि बोलायला काही निघेचना. भांडण नव्हतं. भांडायलाही काहीतरी लागतं. शेवटी सेटर गुपचूप काकांकडे गेला आणि म्हणाला, "आमचं पहिल्यासारखंच राहू द्या." बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पुन्हा उलट्या शिफ्ट लागल्या, तिनंही कधी का म्हणून विचारलं नाही, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्यानंतर त्याला ठळकपणे काही वाटलं असेल असं आठवत नव्हतं.

या शुक्रवारी मात्र भानगड झाली. कारखान्यात नवं मशीन आलं होतं आणि त्याचं प्रशिक्षण दोघांनाच मिळालं होतं, मशीन लावणाऱ्यांपैकी सेटरला आणि तपासणाऱ्यांपैकी त्याच्या बायकोला. साहेबांनी फर्मान काढलं, सोमवारपासून महिनाभर ही दोघं एका शिफ्टमध्ये हवीत, चार्ट चार वाजेपर्यंत फळ्यावर हवा. सेटरनं नियमांच्या यादीत तळाशी एक्केचाळिसावी ओळ लिहिली: चौदा, एकतीस, एकत्र. चौदा तो, एकतीस ती. बटण दाबलं. चार्टमध्ये चौदा दुपारी आला आणि एकतीस सकाळी.

त्यानं पहिल्यांदाच मॅक्रो उघडला. काकांनी आत लिहून ठेवलं होतं, चाळीस ओळी वाच. एक्केचाळिसावी ओळ त्याच्या गावीही नव्हती. सेटरनं आकडा वाढवला, बटण दाबलं, तर तोच चार्ट, अक्षर हललेलं नाही. पुन्हा आत शिरला. तेव्हा सापडलं की काकांनी मॅक्रोचं तोंडच बांधून ठेवलं होतं. सॉल्व्हरला उत्तर मिळो न मिळो, कुणाला काही सांगायचं नाही, आधीचा चार्ट असेल तो तसाच ठेवायचा. काका सज्जन माणूस, लोक घाबरू नयेत म्हणून केलं असणार. सेटरनं ती ओळ काढली आणि सॉल्व्हर काय म्हणतो ते दाखवायला लावलं. पडद्यावर चौकट आली: सगळे नियम पाळेल असं उत्तर नाही. त्याला बरं वाटलं. बंद पडलेलं मशीन त्याच्या ओळखीचं होतं.

मग त्यानं मशीन उघडतात तसं केलं. प्रत्येक नियमापुढे एक किंवा शून्य असे. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. नवी ओळ तेवढी चालू ठेवून बाकी सगळ्या बंद केल्या आणि वरून एकेक चालू करत, दर वेळी बटण दाबत खाली आला. एकवीस ओळी बिनबोभाट गेल्या. बाविसाव्या ओळीला चौकट आली. चौदा, एकतीस, एकत्र नको.

त्याचे कान गरम झाले. आपलंच कर्तृत्व समोर आलं होतं. शून्य लिहून भागलं असतं, पण ती ओळ त्याला डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून त्यानं ती पुसूनच टाकली. मग तेविसावी चालू केली. पुन्हा चौकट. चौदा, एकतीस, एकत्र नको.

त्यानं काकांना फोन लावला.

"काका, ते चौदा-एकतीसचं दोनदा का लिहिलंय?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"सापडलं का," काका म्हणाले. "दोनदा नाही रे. एक तुझी, एक तिची."

"तिची म्हणजे?"

"तुझ्याआधी चार दिवस ती येऊन गेली होती. हेच म्हणाली. वर म्हणाली, यांना कळू देऊ नका. मग तू आलास, तुझंही तेच. आता तुला काय सांगू, अरे झालंय तुझं काम? म्हणून तुझ्यादेखत दुसरी ओळ लिहिली."

"पहिली कुठली?"

"बावीस तिची. तेवीस तुझी."

म्हणजे त्यानं पुसली ती तिची. त्यानं फोन ठेवला. वाईट वाटायला हवं हे त्याला कळत होतं, आणि येतंय का म्हणून त्यानं थोडी वाटही पाहिली. काही आलं नाही. तीन वर्षं जे एकट्यानं लपवलं ते लपवायची गरज नव्हती, एवढंच मनात आलं, आणि तेही हिशेबासारखं कोरडं.

दोनला शिफ्ट बदलली. कपाटांपाशी ती टोपीत केस कोंबत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"नव्या मशीनसाठी महिनाभर आपण एका शिफ्टला."

"कळलं. साहेब बोलले."

"चार्ट बसत नव्हता. काकांच्या यादीत एक ओळ आडवी येत होती. माझी समजून मी ती पुसली. ती तुझी निघाली."

तिचे हात टोपीवरच राहिले. मागून दोघीजणी आल्या. "आज बरं बोलणं चाललंय नवराबायकोचं," एक म्हणाली. दोघंही सवयीनं हसली. त्या आत गेल्या.

"म्हणजे तुमचीही आहे," ती म्हणाली.

"आहे. तुझ्यानंतर चार दिवसांनी."

तिनं मान हलवली. राग नव्हता, नवलही नव्हतं. टोपीतून सुटलेली एक बट तिनं आत सारली.

"महिनाभरच ना?"

"महिनाभरच."

"मग माझी परत लिहा. तेवढ्यापुरती बंद ठेवता येते का?"

"येते. पुढे शून्य लिहायचं."

"तसं करा मग," ती म्हणाली आणि कामाला गेली.

तो वर आला. बाविसावी ओळ होती तशी परत लिहिली, पुढे शून्य. तेविसाव्या ओळीपुढेही शून्य. बाकीच्या चालू केल्या आणि बटण दाबलं. या खेपेला उत्तर सापडलं. चौदा सकाळी, एकतीस सकाळी.

साहेब कागद घ्यायला आले. "काय बिघडलं होतं?"

"दोन ओळी आड येत होत्या."

"काढल्यास ना?"

"बंद केल्यात. महिन्यानं परत चालू करायच्या आहेत."

"लिहून ठेव कुठेतरी. विसरशील."

"नाही विसरणार," सेटर म्हणाला. "लक्षात ठेवायला आम्ही दोघं आहोत."