दहा मिनिटांचं काम

जयमाला म्याडम कामचुकार आहेत असं संग्रामपूर तालुक्यात कोणी म्हणणार नाही. दिव्यांग मुलांना शिकवायला स्कूटीवर पाच गावं फिरायच्या, उन्हातान्हात, आणि खरंच फिरायच्या. पण महामायेच्या बाबतीत बाईंनी माती खाल्ली, आणि ते त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महामायेला चालता येत नाही, चाकाच्या खुर्चीत बसून फिरते. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा पोर आईच्या मोबाइलवर शिकली. शाळा उघडल्या, ती पाचवीत गेली, तशी तिची आई चांगुणा म्हणाली, "म्याडम, आता नेऊ काय पोरीले शाळेत?"

जयमाला शाळेत डोकावून आल्या होत्या. खुर्ची चढवायच्या उतारावर खिचडीचं सरपण रचलेलं, चांगलं कमरेएवढं. हेडमास्तर तिरसट, निवृत्तीला टेकलेले. कोण लागणार त्यांच्या तोंडी? म्हणून म्हणाल्या, "राहू द्या. शाळेत हाल होतील तिचे. मोबाइलवर छान शिकून राह्यली न!"

चांगुणानं विश्वास ठेवला. शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर ठेवणारच की! मग दर गुरुवारी घरभेट, चहा, वहीवर चांगुणाची सही. अशी दोन वर्षं गेली.

त्या जूनमध्ये नवे हेडमास्तर आले, प्रसेनजित सर. जयमाला शाळेत आलेल्या असताना पट वाचता वाचता थांबले. "ही महामाया सातवीत आहे, अन् एक दिवस दिसली नाही. काऊन?"

जयमालांनी उताराचं सांगितलं. सरांनी बाह्या सारल्या, खिचडीवाल्या कौशल्याबाईंना हाक मारली, आणि दोघांनी मिळून सगळं सरपण मागच्या भिंतीला नेऊन लावलं. दहा मिनिटं लागली. जयमाला नुसत्या उभ्या. हात लावायचंही सुचलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निरोप गेला तशी दुसऱ्या दिवशी चांगुणा पोरीची खुर्ची ढकलत उतार चढून आली. घामाघूम, पण हसू मावत नव्हतं. "म्याडम, लय खटपट केली असन तुम्ही माह्या पोरीसाठी."

गप्प राहिल्या असत्या तर खपून गेलं असतं. पण राहवेना.

"काही खटपट नाही केली, चांगुणाबाई. हे सरपण तेव्हाच उचलता आलं असतं. हेडमास्तरांशी भांडण नको म्हणून मी बोललीच नाही. तुमाले हाल होतील म्हणून खोटं सांगतलं."

चांगुणाचं हसू गेलं. महामाया वर्गाच्या दाराकडे बघत होती. तिनंच विचारलं,

"म्याडम, ही शाळा सातवीपर्यंतच हाय ना?"

"हो."

"म्हणजे मले एकच वर्ष भेटलं."