रॅमला खोबरेल

तारकर्लीच्या आमच्या घरात विळी, कोयता, खिडकीच्या बिजागऱ्या, सगळ्यांना खोबरेल मिळतं. आई तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन घरभर फिरते. खाऱ्या वाऱ्यापुढे तिचा भरवसा त्या वाटीवरच.

दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांची बुकिंगं बघायचा कॉम्प्युटर इतका रेंगाळायचा, की एक पान उघडेपर्यंत माझा चहा निवायचा. शेवटी कुडाळहून जास्तीची रॅम आणली, टेबलावर ठेवली आणि आधी जेवून घेतलं. मग कॅबिनेट उघडून ती बसवली, बटण दाबलं. पडदा काळाच, आत नुसतं पीं पीं. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालत रॅम बाहेर काढली, तर बोटं बुळबुळीत. वास घेतला. खोबरेल!

"आई, हेका हात कोणी लावलो?"

"मीच. नवीन वस्तू रे, गंजान जायत म्हणान जरा तेल लावलंय."

मी कपाळाला हात लावला. रॅमची सोनेरी कड खोडरबराने घासली, खाचही कोरडी पुसली आणि ती परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पानं पटापट उघडायला लागली. आई मागेच उभी होती.

"बघलंस? तेलान कसो धावता!"

तेव्हापासून कॉम्प्युटरचं काहीही सुटं आणलं, की मी ते कपाटात कुलपात ठेवतो. कुलूप कधी अडत नाही. उघडताना बोटांना तेवढं तेल लागतं.