साकवापलीकडचा चहा

आता माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, मोबाइलवर ढीगभर ग्रुप आहेत. कुठल्याही गावाची माहिती मागा, फोटोसकट येऊन पडते. तरी विधानसभेचा प्रश्न टाइप करताना माझा हात अडतो आणि कानात अण्णांचा आवाज येतो, ‘‘कोणी जाऊन बघितलंय का गो बाय?’’ अण्णा आता नाहीत. त्यांची आठवण आली नाही असं एक अधिवेशन जात नाही.

रत्नागिरीत आमदारांच्या कचेरीत मी नवीन लागले तेव्हा अण्णा तिथले जुने सहायक. आमदारांनी सभागृहात विचारायचे प्रश्न आम्ही दोघं तयार करायचो. वर्तमानपत्रांची कात्रणं, सरकारी वेबसाइट, मागच्या अधिवेशनांतली उत्तरं, तालुक्याला फोन, सगळं चाळायचं आणि मग भांडत भांडत मजकूर ठरवायचा. काय दिवस होते! अण्णा चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा कचेरीभर शोधायचे आणि मी मुद्दाम सांगायचे नाही.

त्या वर्षी पावस गावाच्या आतल्या अंगाची एक मावशी सारखी कचेरीत यायची. तिची वाडी पऱ्याच्या पलीकडे. उन्हाळ्यात हा ओढा मुकाट असतो, पावसात अंगावर येतो. त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे चालण्यापुरता कच्चा पूल, दरवर्षी वाडीने बांधायचा आणि दरवर्षी पाण्याने न्यायचा. मावशीचा मुलगा मुंबईला नोकरीला. सून बाळंतपणाला माहेरी गेली ती परत यायचं नाव घेईना. पावसात तान्ह्या पोरीला ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचं कुठून, हा तिचा सवाल, आणि तो काही चुकीचा नव्हता. मुलगा म्हणायचा, आई, घराला कुलूप लाव आणि इकडेच ये. मावशीने नात पाहिली होती ती फक्त मोबाइलवर. पक्का पूल झाला तर घर राहणार होतं, नाहीतर कुलूप.

आम्ही प्रश्न दिला. उत्तर आलं, ‘सदर साकव सुस्थितीत असल्याचे पाहणीत आढळून आले. सबब नवीन पूल प्रस्तावित नाही.’ माझं डोकंच फिरलं. इतकं धडधडीत खोटं? मी तावातावाने वाडीतल्या एकाला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, ‘‘साकव? एकदम झकास होता हो! इंजिनिअरसाहेब पण खूश झाले.’’

‘‘घे आता,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चल, जाऊन बघू.’’

जाऊन बघतो तर साकव जागेवरच नाही. पाणी ओसरलं होतं, दगडांवर पाय देत पलीकडे गेलो. मावशीने कोकमाचं सरबत दिलं आणि कौतुकाने सांगत सुटली. इंजिनिअर येणार म्हणून वाडीने नवीकोरी खोडं टाकली, दोन्ही बाजूंना बांबू बांधले, आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. वर घावणे आणि नारळाचा रस. ‘‘पावण्याला मोडक्या साकवावरनं आणायचा काय?’’ पुढच्याच मोठ्या सरीत तो साकव तोरणासकट वाहून गेला होता. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसू येत होतं आणि रडूही. तो बिचारा इंजिनिअर खोटं बोललाच नव्हता. त्याने बघितलं तेच लिहिलं होतं.

आमदारांनी हे सगळं सभागृहात सांगितलं आणि मंत्र्यांनी भर पावसात फेरपाहणी कबूल केली. पुन्हा ‘सुस्थितीत’ असा अहवाल गेला असता तर विषयच संपला असता. त्यामुळे आता वाडीला आवरणं हेच आमचं काम! अण्णा फोन करकरून सांगायचे, ‘‘काहीएक बांधू नका.’’ मावशी भडकली.

‘‘अण्णा, लाज नाय वाटत तुमाला? दारी येणारा माणूस आमी असाच उभा ठेवू?’’

‘‘एवढी एक वेळ ठेव गो बाय. नातीसाठी.’’

तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

फेरपाहणीला गेलो तेव्हा पऱ्या दुथडी भरलेला. अलीकडे छत्र्या सावरत इंजिनिअर, अण्णा आणि मी. पलीकडे मावशी, ठेवणीतलं पातळ नेसून, हातात चहाची किटली. मध्ये नुसतं लाल पाणी. ती जिवाच्या आकांताने ओरडली, ‘‘साहेब, चाय केलीय हो! पण येऊ नका, वाहून जाल!’’ आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. इंजिनिअरने एकदा तिच्याकडे बघितलं. मग त्याने छत्री मानेत अडकवली आणि लिहायला घेतलं.

पूल व्हायला वेळ लागला, पण झाला. मावशीचा निरोप आला, इंजिनिअरसाहेबांना घेऊन या, चाय राहिलीय. त्यांची बदली झाली होती म्हणून आम्ही दोघंच गेलो. अण्णा पुलावरून सावकाश चालले, कठड्याला हात लावत. घराच्या दारात एक चिमुरडी उभी होती. मावशी चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, ‘‘पावणे आलेत, पाणी दे गो त्यांना!’’

पोरीने दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि अर्धं पाणी सांडत आमच्यापुढे आणून धरला. अण्णा घाईघाईने चष्मा शोधायला लागले. तो कपाळावरच होता. त्या दिवशीही मी सांगितलं नाही, मलाच नीट दिसत नव्हतं.