बोटांना दिसणारी नाणी

बोटीवर नोकरी करणाऱ्या लेकीने देशोदेशीची चिल्लर आणली, तेव्हा मी चष्मा लावून त्या नाण्यांवर प्रवचनच सुरू केले. ऑस्ट्रेलियाच्या नाण्यावर काटेरी प्राणी. जपानच्या नाण्यावर भाताची लोंबी आणि मधोमध भोक. दृष्टी गेलेले आमचे अप्पा एकेक नाणे चाचपत होते.

"अरे, हा तर भोकाचा पैसा! लहानपणी माझ्या करगोट्यात असायचा."

"अप्पा, तो जपानचा आहे."

"असू दे. बोटांना कुठे देश कळतो?"

मग त्यांना आपली जुनी चिल्लर आठवली. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे. नुसत्या स्पर्शाने ओळखू येत. मी आपला चित्रेच बघत बसलो होतो.

संध्याकाळी अप्पा काठी टेकत, माझा हात न धरता कोपऱ्यावर चहाला आले. "आज पैसे मी देणार!" त्यांनी खिशातून नाणी काढली. हल्लीची, सगळी गोल, गुळगुळीत. बोटे फिरत राहिली, चहावाला ताटकळला. शेवटी त्यांनी मूठ माझ्यापुढे उघडली.

"घे बाबा, तूच दे."

परतताना त्यांनी माझा हात धरला.