होडीत कुंदाशेजारी बसलेली मी

प्रिय रेवा आणि ईशान,

परवा फोनवर रेवाने मला विचारलं, "आजी, तू प्रॉमिस करून मोडलं होतंस का?" मी नंतर सांगते म्हणाले आणि विषय बदलला. मग कळलं की निखिलकाकाने वाडीसंबंधी तुमच्या बाबांना जो ई-मेल पाठवला, त्यात तसं लिहिलं होतं. वाडीतला माझा वाटा उद्या तुमच्याकडे येणार आणि त्याच्यामागून ही गोष्टही येणार. ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्ही आधी ऐकू नये, म्हणून आज लिहायला बसले. अडलं तर बाबांना विचारा.

भुताखेतांवर किंवा तिथी-मुहूर्तांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचा पहिला फ्रिज मी अमावास्येला आणला होता, कारण त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि चर्चगेटच्या एका कंपनीत सगळी नोकरी मीटिंगचे मिनिट्स लिहिण्यात काढली. कोण काय म्हणालं ते तसंच्या तसं उतरवायचं, आपलं मत मध्ये घालायचं नाही. हेही तसंच लिहायचा प्रयत्न करते... जमेल तितका.

साल १९९८, डिसेंबरातला एक रविवार. तुमचे बाबा नुकतेच परदेशी गेले होते आणि मी नि आजोबा विरारच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. माझं माहेर तिथून जवळच, आगाशीला. केळी, पानवेली, सोनचाफा आणि मधोमध बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. ती वाडी माझ्या वडिलांनी आम्हा दोघांच्या नावावर ठेवली होती – मी आणि माझा धाकटा भाऊ अनंत. अनंतला त्याच्या मुलासाठी, म्हणजे निखिलसाठी, सातिवलीला वर्कशॉपचा गाळा घ्यायचा होता. आजूबाजूच्या वाड्या बिल्डर उचलत होते, आमचीही मागत होते. पण एकट्याच्या सहीने ती विकता येत नव्हती आणि मी नाही म्हणत होते. वर्षभर आमचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

म्हणून अनंत स्वतः फ्लॅटवर आला तेव्हा मला फार बरं वाटलं. राऊत मास्तर अर्नाळ्याच्या बेटावरचा किल्ला दाखवायला नेणार आहेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे, चल, वाडीचं नावसुद्धा काढणार नाही, असं तो म्हणाला. राऊत मास्तर म्हणजे रिटायर झालेले शिक्षक. रविवारी हौसेने लोकांना जुन्या लढायांच्या जागा दाखवत हिंडायचे. आमच्याकडून अनंत, त्याची बायको सुमन, मी आणि शेजारच्या वाडीतली कुंदा अशी चौघं निघालो. कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. वाडी विकू नये असं तिला माझ्याहून जास्त वाटायचं. आणि तिला खोटं बोलता यायचं नाही. माझ्या लग्नात शालू कसा दिसतो विचारलं, तर सगळ्यांसमोर "भडक" म्हणाली होती.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून गुडघाभर पाण्यात चालत जाऊन होडीत चढावं लागतं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, एकेकीला हात देऊन वर घेत होता. बेटावर उतरल्यावर मास्तरांनी आधी किल्ल्याचा दरवाजा दाखवला, त्यावर कोरलेले हत्ती आणि वाघ दाखवले, मग आतलं अष्टकोनी तळं. हे बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी कसं घेतलं, पेशवाईत नवा कोट कसा बांधला, पुढे तो इंग्रजांकडे कसा गेला, हे ते घरातल्या भांडणासारखं रंगवून सांगत होते. अनंत लहानपणासारखा खुशीत होता. तटातल्या तोफेच्या झरोक्यातून डोळा बारीक करून म्हणाला, "ताई, इथून बरोबर तुझ्या फ्लॅटवर नेम लागतोय बघ." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, भाऊ परत मिळाला.

शेवटचं ठिकाण म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाचा गोल बुरूज. किल्ल्यापासून सुटा, एकटाच उभा आहे. त्याला खाली दरवाजा नाही, वर खिडकीसारखं एक भोक आहे फक्त. माझ्या चपलेत वाळू गेली होती म्हणून मी बुरुजाच्या सावलीत बसले. बाकीचे पलीकडच्या अंगाला होते. मास्तर पहाऱ्यावरच्या शिपायांबद्दल सांगत होते. मध्येच अनंतचं हसू आणि कुंदाचा कोरडा खोकला ऐकू येत होता.

मी उठून वळसा घालून गेले. तिथे कोणी नव्हतं.

आवाज आता मागून येत होता, मी आत्ता जिथे बसले होते त्या बाजूने. परत गेले, तर तिथेही कोणी नाही. मग मी उलट्या बाजूने फिरले. मास्तर बोलतच होते, शब्द न् शब्द कळत होता, आणि ते कायम बुरुजाच्या पलीकडे होते. मग एकाएकी सगळं थांबलं. लख्ख दुपार होती. मी समुद्राकडे पाहिलं, तर आमची होडी अर्ध्या वाटेवर होती. सुमनची मोरपिशी साडी मला स्पष्ट ओळखू आली. होडीतून कुणीतरी माझ्याकडे पाहून हात हलवला.

भीती वाटली नाही, हे आज लिहितानाही मला नवल वाटतं. आला तो संताप. सख्खा भाऊ, भावजय, जन्माची मैत्रीण, आणि मी नाही हे एकाच्याही लक्षात येऊ नये? पाय आपटत धक्क्याकडे आले. तिथे एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने मला बसायला पाट दिला आणि विचारलं, टाकून गेले काय गो बाय, कोन व्हता बरोबर? भाऊ होता म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसली. "भाव लगनापर्यंत भैनीचा. मंग पावना." मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

काही वेळाने तीच होडी दुसरे लोक घेऊन परत आली. तांडेल मला बघून तसाच उभा राहिला.

"बाय, तुला आताच पानी ओलांडून उतरवली ना मी? कवा आली परत?"

मी रागातच होते, म्हटलं, थट्टा पुरे. तो थट्टा करत नव्हता. बाकी सगळ्या बायकांना त्याने हात देऊन होडीत घेतलं. मला दिला नाही. मी आपली कठड्याला धरून चढले. माझ्या शेजारची फळी किनारा येईपर्यंत रिकामी राहिली.

आगाशीला पोचले तर अनंतच्या ओटीवर पेढे वाटणं चाललं होतं. "वन्सं, देवळातून आलात पण इतक्यात?" असं म्हणत सुमनने माझ्या हातावर पेढा ठेवला. आणि अनंतने वाकून माझ्या पायाला हात लावला, डोळ्यांत पाणी. मी होडीत सगळ्यांसमोर वाडी विकायला हो म्हणाले, किनाऱ्यावर उतरल्यावर देवीला जाऊन येते म्हणून निघून गेले, आणि त्याने घरी येताच बिल्डरला फोन करून शब्द दिला, असं सगळं तो एका दमात सांगत होता. मी म्हटलं, मी तर आत्ता होडीतून उतरले, तुम्ही मला बेटावर टाकून आलात. तो आधी हसला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"ताई, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण. भुताचं सोंग कशाला आणतेस?"

तेव्हा मला सगळं कळलं असं वाटलं. सहल, गोड बोलणं, झरोक्यातली मस्करी – सगळा बेत. मला मागे ठेवायचं आणि मी हो म्हटलं असं चार तोंडांनी सांगायचं. मास्तर पण त्यांना सामील, कारण तेही ओटीवर बसून सांगत होते की होडीत बसल्यावर त्यांनी माणसं मोजली, त्यात मी होते, आणि मीच त्यांना विचारलं की त्या बुरुजाला दरवाजा का नाही.

कुंदा एका बाजूला बसली होती. मी तिला हाताला धरून मागे बावखलाच्या काठावर नेलं आणि विचारलं, तूसुद्धा?

"विमू, तू बोललीस. माझा हात धरून बोललीस."

मी म्हटलं, काय बोलले ते शब्दाला शब्द सांग.

ती म्हणाली, "म्हणालीस, विकून टाका. आईच मला शेवटी म्हणाली होती – तू कशाला आलीस, तुझं इथे काय आहे."

हे वाक्य तुमच्या पणजीचं आहे. तिच्या शेवटच्या आजारात मी बिनपगारी रजा घेऊन वाडीत राहिले होते. एका दुपारी तिचं तोंड पुसत होते. तिने डोळे उघडले, मला नीट ओळखलं, आणि हे बोलली. खोलीत आम्ही दोघीच होतो. दोन दिवसांनी ती गेली. मी हे कुणाला सांगितलं नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. वाडी विकायची नाही, हे मी त्याच दुपारी ठरवलं होतं.

म्हणजे कुंदा खोटं बोलत नव्हती. मग बाकीचेही नव्हते. बेताचा संशय तिथेच संपला, आणि खरं सांगते, तो बेतच असता तर बरं झालं असतं. कुंदा पुढे म्हणाली, "इतक्या वर्षांत तू माझ्याशी कधी इतकी मोकळी बोलली नव्हतीस. मला बरं वाटलं गं."

त्या दिवशीचं काही मनाला लागलं असेल तर ते हे.

सही मी केली नाही. अनंत त्यानंतर भाऊबिजेला आला नाही. गाळा हातचा गेला. बहिणीने समुद्रावर चारचौघांत शब्द दिला आणि घरी येऊन फिरवला, हे आगाशीत सगळ्यांना माहीत झालं. वाडी वाचली म्हणून कुंदाला आनंदच झाला असणार, पण शब्द फिरवणारी मैत्रीण तिला नको होती. रस्त्यात भेटली तर ती थांबते, तब्येत विचारते. घरी येत नाही. दोन वर्षांपूर्वी अनंत गेला, तेव्हा मी बायकांच्या मागे जाऊन बसले. कुणी पुढे बोलावलं नाही.

तुमच्या आजोबांचं म्हणणं, मला ऊन लागलं होतं. डिसेंबरात! आणि लागलं असेल तर मला लागलं असेल. त्या होडीतल्या सगळ्यांना कसं लागलं? मी पुष्कळ वाचलं, एका मानसोपचारतज्ज्ञांनाही विचारलं. माझ्याकडे आजही उत्तर नाही. अनंतवर माझा राग राहिलेला नाही. त्याने जे कानांनी ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. राग आहे तो तिच्यावर, ती जी कुणी होती तिच्यावर. मी जे गिळून बसले होते ते तिने माझ्या माणसांना सांगून टाकलं, आणि त्यांना ती आवडली.

तर रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मी शब्द दिला नव्हता. माझ्या आवाजात तो दिला गेला, आणि ज्यांनी ऐकला ती सगळी खरी माणसं होती. निखिलकाका खोटं लिहीत नाहीये, त्याच्याशी भांडू नका. पुढे वाडीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. कुणी काही म्हटलं तरी तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी ते तुमचं धरणार नाही.

वाडी अजून आहे. तिन्ही बाजूंना इमारती झाल्या. पानवेली गेल्या, केळी निम्मी उरली. सातबाऱ्यावर अनंतच्या जागी सुमन आणि निखिलचं नाव लागलं आहे, आणि त्याखाली माझं आहे.