रिंकवरचा मांडव

आमच्या कॉलनीत स्केटिंग रिंक होती असं मी शिरवळमध्ये कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हसतात. सांगलीत रिंक? तीही विश्रामबागेत, सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर? होती बाबा. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर तिचे व्रण आहेत, लग्नात साडी नेसवताना मावशीनं त्यावरून मला बोलूनही घेतलं होतं. गेली काही वर्षं तिच्या फाटकाला कुलूप होतं. आता तेही नाही.

ही सगळी माझ्या वडिलांची करणी. आप्पा मूळचे खंडाळा तालुक्यातले, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. आई सांगलीची आणि इथल्याच शाळेत शिक्षिका, त्यामुळे आप्पा तिच्यामागून इथे आले. सासुरवाडीत जाऊन राहिला म्हणून गावाकडच्यांनी त्यांना पुष्कळ टोमणे मारले, पण आप्पांनी ते कधी मनावर घेतले नाहीत. फौजेतून येताना कुणी ट्रंक आणतं, कुणी रमची सवय आणतं. आप्पांनी रिंकचं वेड आणलं. उत्तरेतल्या एका छावणीत साहेबलोकांच्या मुलांना चाकांच्या बुटांवर फिरताना त्यांनी पाहिलं होतं. तिथं यांना पायात घालायला कुणी दिलं नाही, नुसतं बघायला मिळालं. ते बघणं त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

सोसायटीच्या प्लॉटवर तेव्हा गाजरगवत माजलं होतं. आप्पांनी घरोघर जाऊन लोकांची मनं वळवली, एकेका घरी तीन-तीनदा चहा प्यायले आणि शेवटी लोक चहाला कंटाळून हो म्हणाले. मग आला गवंडी. आपल्याकडे कुठलीही जमीन करायची म्हणजे पाण्याला उतार द्यायचा, हे गवंड्याच्या हाताला सांगावं लागत नाही. अंगण असो, गच्ची असो, मोरी असो. त्यानं सवयीनं उताराचा दोर लावला आणि आप्पांनी तो सोडवला. दोघांचं चांगलंच जुंपलं.

"सुभेदार, उतार न्हाई दिला तर पावसाचं पाणी जाणार कुटं?" गवंडी म्हणाला.

"पाणी मी काढीन. तू कोबा सपाट दे."

पाणी त्यांनी खरोखरच काढलं, पुढची कितीतरी वर्षं. पाऊस थांबला की आप्पा लांब दांड्याचा वायपर घेऊन खाली, आणि त्यांच्यामागे आम्ही पोरं. कोबा असा घोटून घेतला होता की त्यात आपलं तोंड दिसावं. त्याची परीक्षा घ्यायला आप्पा खिशात एक गोटी ठेवत. कुठेही ठेवली तरी ती तिथंच राहिली पाहिजे. नवीन कुणी आलं की हा खेळ करून दाखवायचा, आणि पाहुण्यानं वाहवा म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नाही. आई म्हणायची, या घरात थोरली ती रिंक, मी दुसरेपणावर आलेय.

स्केट्स पायात घालून पहिल्यांदा आपटले तेही आप्पाच. पण महिन्याभरात ते उभे राहिले आणि मग आम्हाला शिकवायला लागले. शिकवणं फौजी थाटाचं. पडलं तर रडायचं नाही, पडायचं कसं ते आधी शिकायचं. संध्याकाळचा वर्ग दिवस मावळायच्या बऱ्याच आधी सुटायचा, कारण कॉलनीत जैनांची घरं पुष्कळ आणि त्यांच्या मुलांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असायचं. त्यांच्यामुळे आम्हालाही लवकर सोडायचे. मला त्याचा राग यायचा, कारण आमच्या घरी जेवायला नऊ वाजायचे.

त्या जैन घरांपैकी एक आमच्या अगदी शेजारचं. काकांचा हळदीचा व्यापार होता. ते घरी आले की जिन्यापासून वास यायचा, वर्दी द्यायची गरज नसे. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याबरोबर शिकल्या. थोरली तर आमच्या सगळ्यांत सरस होती, एका पायावर अख्खी फेरी मारायची.

रिंकवर एकच कायदा होता: कोब्याला खड्डा पाडायचा नाही. एवढी सपाट, ऐसपैस, घराजवळची जागा, त्यामुळे लग्न, बारसं, गणपती, सगळ्यांचा तिच्यावर डोळा. पण मांडव म्हणजे वासे आले, वाशांना खड्डे आले. आप्पा नाही म्हणायचे. गोड बोलून नाही, सरळ नाही. लोक चिडायचे, आप्पांना खडूस म्हणायचे आणि पोरांना मात्र नेमानं शिकायला पाठवायचे.

काकांच्या थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी विचारलं. त्या कोब्यावरच तर ती वाढली, तिथनंच तिची पाठवणी करू, असं त्यांच्या मनात होतं. आप्पा रात्रभर झोपले नाहीत आणि सकाळी जाऊन नाही म्हणून आले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. काकांनी कार्यालय घेतलं, चकार शब्द काढला नाही. लग्नात आप्पा पंगतीत वाढायला उभे राहिले ते शेवटच्या पंगतीपर्यंत. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या दोघांची मैत्री जास्तच घट्ट झाली. ज्याला नाही म्हणता येतं आणि ज्याला ते ऐकून घेता येतं, असे दोघे शेजारी राहणं हे भाग्यच.

आई गेली ती उन्हाळ्यात, वळवाच्या दिवसांत. ध्यानीमनी नसताना. मी शिरवळहून पोहोचले तेव्हा ती हॉलमध्ये निजवलेली होती. मी एकुलती एक, म्हणून घाटावर मीही गेले. सगळं आटोपून आम्ही परत आलो तेव्हा दुपार कलली होती.

रिंकवर मांडव उभा होता.

काकांनी घातला होता. आम्ही घाटावर असताना त्यांनी मांडववाल्याला बोलावून घेतलं. आईनं निम्म्या कॉलनीला शिकवलेलं, माणसं भेटायला येणार, आमच्या घरात मावणार नाहीत, त्यांना उन्हात उभं करायचं का? आणि वळवाचं वारं कधी सुटेल नेम नाही, म्हणून मांडववाल्यानं वासे नुसते टेकवले नाहीत. पहारीनं कोबा फोडून खड्डे घेतले आणि त्यात रोवले. दोन्ही बाजूंनी ओळीनं. फोडलेले तुकडे कुणीतरी नीट झाडून कोपऱ्यात ढीग करून ठेवले होते. खाली सतरंज्या, पाण्याचे जार, चहा. काका दारात हात जोडून उभे, त्यांचे डोळे रडून सुजलेले.

आप्पा फाटकात थांबले. मी त्यांचा दंड धरला होता, तो मला ताठ झालेला जाणवला. त्यांनी एकेक वासा पायथ्यापर्यंत बघितला. मला वाटलं आता काहीतरी होणार, आणि देवाशपथ, झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण ओरडायचं कुणावर? पोटच्या पोरीच्या लग्नाला ज्याला ही जागा मिळाली नाही, त्यानं ती आमच्या आईसाठी सजवली होती. त्यात कुठे खोट काढणार?

आप्पा मांडववाल्याला म्हणाले, "दोर जरा ताणून बांध रं. वारं येतंय."

आणि आत जाऊन सतरंजीवर बसले. तेराव्यापर्यंत तिथंच बसत होते.

मांडव उतरल्यावर खड्डे सिमेंटनं बुजवले. काकांनी चांगला माणूस आणला होता. पण जुन्या घोटीव कोब्याला नवं सिमेंट धरत नाही. पहिल्या पावसात ठिगळं खाली बसली, कडा उडाल्या. स्केट्सची चाकं ती केवढीशी, बरोबर त्या कडेत अडकायची. एका मुलीचं मनगट मोडलं, तेव्हा आप्पांनी स्वतःच वर्ग थांबवला. दुरुस्ती झाल्यावर बघू म्हणाले. पण दुरुस्ती होण्याआधीच एक घर साखरपुड्याला जागा विचारायला आलं, आणि आप्पा हो म्हणाले.

मी तेव्हा नेमकी सांगलीत होते. ते लोक गेल्यावर मी आप्पांवर संतापले. आता तुम्हीच दारं उघडून देताय, एकदा नाही म्हटलं की झालं, आयुष्यभर तेच तर म्हणत आलात, असं काहीबाही बोलले. आप्पांनी ऐकून घेतलं.

"माझ्या बायकुला मांडव घातला त्यांनी," ते म्हणाले. "आता दुसऱ्याला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

साखरपुड्यामागून बारसं आलं, बारशामागून गणपती. प्रत्येक कार्य चांगलंच. वाईट कामासाठी त्या कोब्याला कुणी पहार लावली नाही, हे मी लिहून देते. पुढे पुढे लोखंडी पायांचे मांडव निघाले, त्यांना खड्डा लागत नाही, पण तोवर उशीर झाला होता. आप्पा खिशातली गोटी काढून बघायचे. ती घरंगळत जाऊन कुठल्यातरी ठिगळात बसायची. मग एक दिवस त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि स्केट्सची पोती माळ्यावर टाकली.

मी काही केलं नाही असं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं, की वरचा थर काढून नवा कोबा करू, खर्चाचं मी बघते. भराभर अंगठे आले. हात जोडलेले आले, फुलं आली. सभा झाली तेव्हा त्याच अंगठेवाल्यांनी एकमतानं ठरवलं की तिथं सभागृह बांधायचं. अध्यक्ष म्हणजे आप्पांनीच शिकवलेला मुलगा. मला म्हणाला, ताई, आता रिंकवर येणार कोण, मुलांना क्लासेसमधून वेळ कुठाय? सभागृह सगळ्यांच्या उपयोगी पडेल. त्याचंही चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कुणाचंच काही चुकलं नाही, आणि त्यामुळेच माझा जीव जास्त जळतो. भांडायला समोर कुणीतरी हवं ना.

गेल्या महिन्यात सोसायटीचे लोक आप्पांना आमंत्रण द्यायला आले. भूमिपूजनाची पहिली कुदळ सुभेदारांच्या हातून, असं सर्वांच्या मनात होतं. मी फोनवर आप्पांना म्हटलं, जाऊ नका, मी सांगते त्यांना की तब्येत बरी नाही. आप्पा म्हणाले, मानानं बोलावलंय, न जाऊन कसं चालंल. भूमिपूजनाच्या दिवशी मी सकाळीच गाडी काढून सांगलीला आले.

आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. कुलूप काढलं होतं. रिंकच्या मधोमध रांगोळीचा चौकोन, त्यात नारळ, हळदीकुंकू लावलेली कुदळ. काकांना आता चालवत नाही, त्यांना खुर्चीत आणून बसवलं होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि कुदळ आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी रांगोळीकडे पाहिलं. तिथला कोबा अजून तसाच होता, काळाभोर, चकचकीत. ते वळले आणि कुदळ घेऊन कडेला निघाले, पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपत. फोटो काढणारा म्हणाला, आजोबा, इकडं, चौकोनात. आप्पांनी लक्ष दिलं नाही. काकांच्या खुर्चीपासून थोड्या अंतरावर त्यांना हवं ते ठिगळ सापडलं. आईच्या मांडवातलं. ते माझ्याही लक्षात होतं, कारण तिथल्याच वाशाला टेकून आप्पा तेराव्यापर्यंत बसले होते.

त्यांनी कुदळ उचलली. मी हात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एका घावात ठिगळाचा टवका उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आप्पा कुदळ खाली ठेवत अध्यक्षाला म्हणाले, "हितनं सुरू करा. बाकीची जमीन चांगली हाय."

तो हो हो म्हणाला, पाया पडला, पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. आप्पा आणि मी गॅलरीत उभे होतो. तो फाटकातून आत शिरला आणि तिथूनच उकरायला लागला. कुठून सुरू करायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.